पोस्ट-इट आठवड्यात झालं नाही

'थ्रीएम या अमेरिकन कंपनीने कामगारांना मोकळा वेळ दिला आणि आठवड्यात पोस्ट-इट (चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्या) तयार झालं' हा मेसेज कुपवाड एमआयडीसीतल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. तो वाचून एका शेडमध्ये पोरांना 'महिन्यात काहीतरी नवीन काढा' असं सांगितलं गेलं, म्हणून कळकळीने लिहितोय.

या चिठ्ठ्यांचा हलका चिकटणारा गोंद थ्रीएमचे शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये सापडला. पुस्तकातल्या खुणेसाठी तो वापरायचं त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये सुचलं. १९७७ ची चाचणी विक्री फसली. तरीही काम गुंडाळलं नाही, खरी गोष्ट तर हीच! पुढच्या वर्षी बॉइसी शहरात नमुने फुकट वाटले, तेव्हा मागणी आली. अमेरिकाभर विक्री १९८० मध्ये. म्हणजे १२ वर्षं.

कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची थ्रीएममधली मुभा मात्र खरी आहे.