विकतची लिंक, गूगलचा नियम आणि वाचक

पैसे घेऊन लिंक देणे गूगलला मुळातच मान्य नाही, असा समज मराठी ब्लॉग चालवणाऱ्या अनेकांचा आहे. तो चुकीचा आहे. जाहिरात घ्यायला गूगलची हरकत नाही. लिंक विकतची आहे हे शोधयंत्राला कळावे म्हणून तिच्या कोडमध्ये तशी खूण असावी, लिंकपुरती अट एवढीच आहे. २००५ साली ‘नोफॉलो’ (क्रमवारी ठरवताना ही लिंक धरू नका, असे सांगणारी) ही खूण आली ती प्रामुख्याने ब्लॉगवरील प्रतिक्रियांतला स्पॅम रोखण्यासाठी. जाहिरातींसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण २०१९ मध्ये आली.

या अटीमागचे कारण रास्त आहे. लिंक म्हणजे एका संकेतस्थळाने दुसऱ्याच्या बाजूने दिलेले मत, या कल्पनेवर १९९८ च्या सुमारास गूगलची क्रमवारी उभी राहिली, आणि मत विकत मिळू लागले की निकालाला अर्थ उरत नाही. छोट्या संकेतस्थळांना येणारे ईमेल पाहिले की हा बाजार कसा चालतो ते कळते. पाककृतींच्या ब्लॉगला विचारणा येते ती सट्टेबाजीच्या अ‍ॅपची: लेख आम्ही पाठवू, लिंक ‘डूफॉलो’ (म्हणजे अशी कोणतीही खूण नसलेली) आणि कायमची हवी, ‘प्रायोजित’ असे कुठेही लिहायचे नाही. तुमचे वाचक किती, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण त्यांना वाचक नकोच असतात; त्यांना तुमच्या पानाची गूगलकडे असलेली पत हवी असते.

शिक्षा मोठ्यांनाही झाल्या आहेत. २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीच्या विकतच्या लिंकचे प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणल्यावर तिची पाने निकालात पार खाली ढकलली गेली. २०१२ मध्ये तर गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरच्या पानाला प्रायोजित ब्लॉगलेखांपायी निदान ६० दिवसांसाठी खाली उतरवले. (एवढा निःपक्षपातीपणा आपल्याकडच्या किती संस्था दाखवतील, हा प्रश्न बाजूला ठेवू.)

माझा आक्षेप वेगळा आहे. हा नियम क्रमवारीचे रक्षण करतो, वाचकाचे नाही. कोडमधली खूण वाचकाला दिसत नाही. ‘स्पॉन्सर्ड’ लावून, वर जाहिरातीचा उल्लेखही न करता, एखादा लेख प्रामाणिक अनुभव म्हणून छापला तरी लिंकचा नियम पाळला गेलाच. इन्फ्लुएन्सरांनी जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे अ‍ॅस्कीने २०२१ मध्ये आणली, ती वाचकाला आणि प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून. तो दृष्टिकोन मला अधिक योग्य वाटतो.

शिवाय इतरांकडून स्पष्ट खुणेची अपेक्षा करणाऱ्या गूगलच्या स्वतःच्या जाहिराती पाहा. पूर्वी त्यांच्यामागे वेगळ्या रंगाची पट्टी असे. २०१३ मध्ये ती जाऊन छोटा पिवळा शिक्का आला, २०१६ मध्ये तो हिरवा झाला, आणि २०२० मध्ये संगणकाच्या पडद्यावर केवळ काळी अक्षरे उरली. पुढे ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्द आला, पण घाईत पहिल्याच निकालावर बोट ठेवणाऱ्याला तो दिसतो का, याची मला शंका आहे. जागा विकणारा आणि इतरांच्या विक्रीचे नियम ठरवणारा एकच असेल, तर बाहेरच्या कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक आहे. जाहिरातदारांचे लेख छापल्याबद्दल वृत्तमाध्यमांची पाने निकालात मागे टाकण्याच्या धोरणावरून युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलची चौकशी सुरू केली, तिचे मी म्हणूनच स्वागत करतो. तोवर आपल्या ब्लॉगवर कोडमधल्या खुणेसोबत लेखाच्या डोक्यावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक अक्षरांत छापायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.