फुलं पाहा, पण बीपीची गोळी चुकवू नका

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘रोज पाच मिनिटं फुलांकडे पाहा, ताण मुळापासून जातो, बीपीच्या गोळ्या सुटतात. अमेरिकेतल्या हॉस्पिटलात हे सिद्ध झालंय. घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हे तर नासाच सांगते. बाग नसेल तर मोबाईलवर फुलांचे फोटो पाहा, गुण तोच.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

हॉस्पिटलचा दाखला खरा आहे. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या, पित्ताशय काढलेल्या 46 रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निम्म्यांना खिडकीतून पानांनी भरलेली झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत, जोरकस वेदनाशामकंही झाडंवाल्यांना कमी लागली. म्हणजे फरक पाऊण दिवसाचा, तोही ऑपरेशन आणि औषधं झाल्यावर. गोळ्या सुटल्याचं त्यात कुठेच नाही. बीपीची गोळी मनानेच बंद केली तर बीपी पुन्हा चढतं, आणि काही गोळ्या एकदम तोडल्या तर ते उसळतं.

पाच मिनिटं? निसर्गात वेळ घालवणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजून 2019 मध्ये झालेल्या अभ्यासात ते सर्वांत वेगाने उतरलं 20 ते 30 मिनिटांच्या टप्प्यात. पाच मिनिटांनी बरं वाटतं, एवढंच.

नासाचा 1989 चा प्रयोग हवाबंद पेटीतला होता. आपल्या घराला दारं-खिडक्या असतात आणि हवा तिथूनच बदलते. झाडांनी तेवढंच काम करायचं तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील, असा हिशेब 2019 मध्ये मांडला गेला. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत नव्वदेक कुंड्या. मग कॉट कुठे टाकणार? उलट बाटलीतल्या मनीप्लँटचं आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी बदललं नाही, तर आठवड्याभरात त्यातून डेंग्यूचे डास तयार होतात. दर चार-पाच दिवसांनी पाणी ओतून टाका आणि ताटली घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

मोबाईलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. 2008 च्या एका प्रयोगात निसर्गाची नुसती चित्रं दहा मिनिटं पाहूनही लक्ष सुधारलं. पण ते प्रयोगशाळेत, फक्त चित्रांकडेच लक्ष देऊन. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात खरी खिडकी, तेच दृश्य दाखवणारा प्लाझ्मा टीव्ही आणि कोरी भिंत यांची तुलना झाली. ताणानंतर हृदयाचे ठोके लवकर खाली आले ते खिडकीपाशी. टीव्ही आणि भिंत यांत फरक दिसला नाही. मोबाईलवर तर फुलाच्या डोक्यावरच नोटिफिकेशन टपकतं.

थकतं ते कामावर जबरदस्तीने धरून ठेवलेलं लक्ष. फूल ते हलकेच धरतं, म्हणून विसावा मिळतो. पण त्यासाठी खरोखर पाहावं लागतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून जास्वंदीचं एकच फूल घ्या. मधली दांडी, तिच्यावरचे पिवळे परागकण, टोकाला पाच बारीक ठिपके. ते मोजा, मग पाकळीच्या शिरा कुठवर जातात ते पाहा. सकाळीच बसा, साध्या जास्वंदीचं फूल संध्याकाळी मिटायला लागतं.