‘दिवाळी अंकातली गोष्ट’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘न्यूट्रिनोंमुळे विश्व उरलं ही दिवाळी अंकातली गोष्ट आहे, विज्ञान नव्हे, लेखकाने आधी शिकून यावं.’ न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म, जवळजवळ वजनहीन कणांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी सुरू होते. आधी माझी चूक मान्य करतो: जपानमधल्या टी-टू-के प्रयोगात तोकाईहून न्यूट्रिनो सोडतात आणि कामिओकाला टिपतात, ते अंतर 295 किलोमीटर आहे, माझ्याकडून 259 पडलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘गोष्ट’ आणि ‘शिकून यावं’. मी 26 वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. द्रव्य आणि प्रतिद्रव्य (त्याचं उलट विद्युतभाराचं जुळं) सारखंच जन्मलं असतं तर एकमेकांना संपवून जवळजवळ नुसता प्रकाशच उरला असता, इथवर आलो की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, ‘सर, मग आपण कसे उरलो?’ अब्जभर जोड्यांमागे साधारण एक कण जादा होता, म्हणून. तो जादा कण आला कुठून, हे सांगायला भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्हच्या 1967 च्या अटी (द्रव्य जादा उरायला काय काय घडावं लागतं त्या) लागतात, आणि फुकुगिता-यानागिदा या जपानी शास्त्रज्ञांची 1986 ची कल्पनाही: विश्वाच्या आरंभीचे अतिजड न्यूट्रिनो विघटित होताना तोल किंचित प्रतिलेप्टॉनांकडे (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो अशा कणांच्या प्रतिकणांकडे) झुकला आणि त्यातूनच पुढे प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं पारडं जड झालं. याला गोष्ट म्हणायचं तर म्हणा. तिच्यामागे गणित आहे आणि ते मी केलेलं आहे.

‘या कथा परीक्षेत येत नाहीत, बंद करा,’ असं एका वरिष्ठांनी मला भर वर्गात सुनावलं होतं. त्या वर्षीची मुलं तास संपल्यावर जिन्यात थांबून उरलेलं ऐकायची. तुमचा सूर त्या वरिष्ठांचाच आहे. म्हणून लागला, लपवत नाही.

न्यूट्रिनो आणि त्यांचे प्रतिकण वेगळे वागतात, हा टी-टू-केचा 2020 चा निकाल 95 टक्के खात्रीचाच, तो शोध नव्हे, असं तुम्ही बजावता. मी ‘संकेत’ हाच शब्द वापरलाय, तोही दोनदा. निदान वाचून तरी रागवा.

हा वेगळेपणा किती ते सांगणारा, प्रयोगात मोजला जाणारा कोन आणि त्या अतिजड न्यूट्रिनोंचा कोन एकच असेल असं नाही, हा तुमचा शेवटचा मुद्दा. तो तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय आहे, माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता.

पुढचा लेख हायपर-कामिओकांडे या जपानमधल्या नव्या, मोठ्या न्यूट्रिनो-शोधकावर आहे. त्यात आकडा चुकला तर जरूर सांगा. मी काय शिकलोय याची चौकशी मात्र इथे चालणार नाही.