एडिनबराचं कारंजं आणि बिडाचा तवा

एडिनबराच्या प्रिन्सेस स्ट्रीट गार्डनमधल्या रॉस कारंज्याचा फोटो टाकला आणि पहिलीच कमेंट आली, "जुन्या वस्तूला भडक रंग फासून वाट लावलीय."

खरं सांगू? समोर उभी राहिले तेव्हा मलाही क्षणभर तसंच वाटलं. मागे काळपट कड्यावरचा किल्ला आणि पुढ्यात हे निळं-हिरवं, तपकिरी, सोनेरी प्रकरण. लग्नाच्या मांडवातून उचलून आणल्यासारखं.

पण हे कारंजं दगडाचं नाही, ब्राँझचंही नाही. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. आणि बीड काय चीज आहे ते आपल्याला कुणी शिकवायला नको. बिडाचा तवा हातातून सुटला की वाकत नाही, तडकतो. रात्रभर ओला राहिला की सकाळी तांबूस. ब्राँझवरचा हिरवा थर आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज मात्र पापुद्रे सोडत आत शिरतो, वर फुगतोही. सांध्यात फुगला की बीड फुटलंच. त्यात अंगावर सतत पाणी, थंडीत त्याचा बर्फ. तव्याला तेलाचा हात, तसा याला रंग. एका कडेला नखाएवढा टवका उडालेला दिसला, तर त्याखाली लगेच तांबडा ओघळ सुटलेला.

मुळात याला सांधे काय कमी? फ्रान्समधल्या आंत्वान द्युरेनच्या ओतशाळेत ओतलेलं, १८६२च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलेलं. बंदुका बनवणाऱ्या डॅनियल रॉस यांनी ते विकत घेऊन शहराला दिलं. १८६९ मध्ये लीथ बंदरात उतरलं ते १२२ तुकड्यांत! उभं राहायला १८७२ उजाडलं, तोवर रॉस गेलेले. २०१७ मध्ये पुन्हा सगळं सुटं करून दुरुस्तीला नेलं, २०१८ मध्ये परत पाणी सुरू झालं.

तेव्हा 'जुनं ते करडंच हवं' हा हट्ट मला पटत नाही. रंग उडालेलं बीड फोटोत भारदस्त दिसतं, एवढंच.

बाकी या कारंज्याला नावं ठेवणं नवीन नाही. बागेच्या टोकाला सेंट जॉन्स चर्च आहे. तिथले तेव्हाचे धर्मगुरू डीन रॅम्झे कारंज्यावरच्या उघड्या स्त्रीमूर्ती बघून इतके खवळले, की कारंजं अश्लील आणि किळसवाणं आहे म्हणाले. आता तर वर सोनेरीही चढलंय.