‘एअरबॅग कव्हर फाडून येतेच’ हा मेसेज पुढे ढकलू नका

ऑफ-रोड गाडीच्या सीट कव्हरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. काल तो भाच्याकडून आला, खाली ओळ होती, ‘मामा, हेच मागवतोय.’ मेसेज म्हणतो: जाड वॉटरप्रूफ कव्हर कुठल्याही सीटला चालतं, एअरबॅग असली तरी ती कव्हर फाडून बाहेर येते, निओप्रीनमधून (रबरी फोमच्या कापडातून) थेंबही आत जात नाही आणि एकदा घातलेलं कव्हर काढावं लागत नाही.

आधी एअरबॅगचं, कारण यात जीव जाऊ शकतो. सीटमधली साइड एअरबॅग पाठीच्या दरवाजाकडच्या कडेत असते. बऱ्याच सीटांत कंपनीने तिथली शिवण मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. धडक बसली की काही मिलिसेकंदांत ती उसवते आणि बॅग माणूस आणि दरवाजा यांच्यामध्ये फुगते. तिच्यावर जाड कापड चापून बसवलं तर बॅग उशिरा उघडेल, नाहीतर वाट मिळेल तिकडे, भलत्याच दिशेने फुगेल. ‘फाडून येतेच’ हे कुणी तपासलंय? ज्यांनी सीट बनवली तेच अनेक गाड्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये साइड एअरबॅग असलेल्या सीटवर कव्हर घालू नका, किंवा त्याच मॉडेलसाठी मान्य केलेलंच घाला, असं स्पष्ट लिहितात. आपल्या गाडीचं ते पान उघडा, मग ऑर्डर द्या. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेला टॅग दिसला तर युनिव्हर्सल कव्हरचा विषय तिथेच संपला. मॉडेलनुसार शिवलेल्या कव्हरमध्येही डावं-उजवं बदललं, तर एअरबॅगसाठी सोडलेली जागा गाडीच्या मधल्या बाजूला जाते आणि काही उपयोग राहत नाही.

बसवताना सीटखाली टॉर्च मारून बघा. तिथे पिवळं कनेक्टर दिसलं तर ते बहुधा एअरबॅगचं असतं. कव्हरचे लोखंडी हूक त्या वायरिंगला अडकवू नका, पट्टे सीट सरकायच्या रुळात येऊ देऊ नका. ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटमध्ये वजनाचा सेन्सर असेल आणि पट्टा करकचून आवळला, तर रिकाम्या सीटवरही बेल्टचा बीप वाजत राहू शकतो. तेव्हा सेन्सरला दोष देऊ नका, पट्टा सैल करा.

निओप्रीनबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, हे मान्य. त्याचा फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे आतले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून पाणी त्यातून झिरपत नाही. पण कव्हर शिवलेलं असतं, आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी उतरतं. आतून शिवणीवर सीलिंग टेप नसेल तर चिखलातून भिजून आलेला माणूस बसल्यावर त्याच्या वजनाने पाणी तिथूनच दाबलं जातं. घरी तपासा: सीटवर कोरडा टिशू, त्यावर कव्हर, शिवणीच्या खोलगट जागी अर्धा ग्लास पाणी, आणि दहा मिनिटं बसून राहा. टिशू ओला निघाला तर ते कव्हर फार तर शिंतोडे अडवेल. नुसतं ओतून बघितलं तर भलेभले पास होतात.

जाड म्हणजे चांगलं, हेही नाही. पीव्हीसी उन्हात कडक होऊन घडीवर तडकतं. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेलं पॉलिस्टर हलकं, लवकर वाळणारं. पण गरम पाणी आणि ड्रायरने लेप सुटतो.

आणि ‘काढायची गरज नाही’ यानेच सीटची वाट लागते. वॉटरप्रूफ कव्हर बाहेरचं पाणी अडवतं तसं आतलंही अडवतं. शिवणीतून, मानेजवळच्या फटीतून उतरलेलं पाणी फोममध्ये कोंडतं, काही दिवसांत कुबट वास येतो, मग काळे ठिपके. पाण्यातून गाडी काढली की त्याच दिवशी कव्हर उतरवा, चिखल ओला असतानाच गार पाण्याने धुवा, सावलीत उलटं टांगा. सीटच्या फोमवर तळवा दाबून धरा. गार लागला तर आत ओल असू शकते. दरवाजे उघडे ठेवा आणि फोम पूर्ण वाळेपर्यंत कव्हर परत चढवू नका.