नाताळच्या आधीचे दिवस आमचे आहेत

नोव्हेंबरात बँकेत जाऊन आम्ही दोघांनी हयातीचा दाखला दिला, की आमचा नाताळचा हंगाम सुरू होतो. पेन्शनरांचं पंचांगच तसं.

आणि डिसेंबर लागला की मुलांचे फोन. "आई, यंदा काही घाट घालू नका. केक, कुलकुल सगळं ऑनलाइन मागवते. बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस." प्रेमापोटी म्हणतात, कळतं. तरी मला राग येतो, आणि तो का येतो हे एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. तिथे मोठी सुट्टी दिवाळीची, नाताळची एक दिवसाची. हे मुंबईत नोकरीला. 24 तारखेला संध्याकाळी चर्चगेटहून विरार लोकलमध्ये चेंगरत वसईला यायचे, अंगावर दोन तांबे ओतून घ्यायचे आणि थेट चर्चमध्ये रात्रीच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला. गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, भाच्यांनी केलेला, फराळ सासूबाईंनी. आम्ही तयार सणात येऊन बसायचो. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट बघण्याचे. फादरांचा झगा जांभळा, मिस्सात गौरवगीत नाही, हिरव्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते, तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे मी मुलांकडून घोकून घ्यायचे. स्वतः मात्र वाट बघायला कधी उसंत मिळाली नाही. ती निवृत्तीनंतर मिळाली, आणि आता तीच घरपोच डिलिव्हरीत घालवायची?

आमच्याकडे गोठा पंधरा दिवस चालतो. आधी पेंढा मिळवण्याची खटपट, कारण आमच्या भागात आता भात लावतंय कोण? मग बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, काठची चिकणमाती. (बावखलं जितकी बुजली नाहीत तितकी.) पसरट ताटात माती घालून नाचणी पेरायची, वर ओलं फडकं. चौथ्या दिवशी फडकं उचललं की पांढरे कोंब एका बाजूला मान टाकून पडलेले असतात. मग हे ते ताट उचलून खिडकीत ठेवतात आणि रोज थोडं फिरवतात. नाताळपर्यंत बोटभर हिरवं कुरण तयार. बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत कपाटातच. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण 6 जानेवारीला, म्हणून यांचे राजे उंटांसह टीव्हीवरून निघतात आणि रोज वीतभर पुढे सरकतात. मला धूळ पुसताना तीन उंट उचलावे लागतात ते वेगळंच.

असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात गव्हाणी मांडली, तेव्हा गवत खरं होतं, बैल खरा होता, गाढवही खरं होतं. आपल्या स्पर्धांच्या गोठ्यांत आता धबधबे वाहतात, लायटिंग गाण्यावर नाचतं. थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, तरी वसईत दरवर्षी बर्फ पडतोच. पोरांच्या हौसेला मी नावं ठेवत नाही, रात्र रात्र जागतात बिचारी. पण परीक्षकांनी कधीतरी ओल्या मातीलाही मार्क द्यावेत.

कुलकुल करायला शेजारची सूनबाई येते. पीठ मी मळते, ती नव्या कोऱ्या फणीवर गोळी दाबून वळते. माझी बोटं आता वळत नाहीत, तोंड चालतं. "जाड झालं, कच्चं राहील," एवढं म्हणायला तरी मी लागतेच. दिवाळीत तिच्याकडून चकल्यांचं ताट आलं होतं, ते अजून आमच्याकडेच आहे. भरूनच जाईल.

नाताळाआधी कन्फेशनलाही जातो. या वयात काय पापं सांगणार म्हणा! रांगेत उभं राहून शेजारपाजारच्यांबद्दल जे बोलतो, तीच.

आता मूळ मुद्दा. दरवर्षी ज्येष्ठांसाठी एक कार्यक्रम होतो. आम्हाला पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवतात, लहान मुलं गाणी म्हणतात, शाल मिळते, फोटो निघतो. चांगल्या मनाने करतात. पण त्या खुर्चीवर बसलं की मला आपण खरंच म्हातारे झाल्यासारखं वाटतं. घरी नाताळच्या ताऱ्यांसाठी कामट्या सोलताना तसं वाटत नाही. हे त्या कार्यक्रमात सरळ झोपतात.

शालींनी आमचं कपाट भरलंय. तरुण मंडळींनो, यंदा खुर्च्या मांडण्याऐवजी सतरंजी अंथरा आणि आम्हाला तारे बांधायला बसवा. खाली बसता येत नाही त्यांना खुर्ची द्या, पण हातात कात्रीही द्या. कामट्या आणि पतंगाचे कागद आम्ही आणू. खळ घरून शिजवून आणू, बाटलीतला गोंद चालणार नाही, त्याने कागद चुरगळतो. मुलांना समोर बसवा, गाणी काम करता करता म्हणू. आणि यांना स्टुलावर चढायचं असेल तर चढू द्या, स्टूल मी धरते.