‘गेट’ला वाळीत टाकू नका

इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये एक समज फार जुना आहे: ‘गेट’ हे आळशी क्रियापद. निबंधात दिसलं की लाल शाईने खोडायचं आणि वर ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘बिकम’ असं काहीतरी भारदस्त लिहायचं. मला हे अजिबात पटत नाही. औपचारिक लेखनात जपून वापरा, इथपर्यंत ठीक. पण पार हद्दपारच केलं, तर मुलं पुस्तकातलं इंग्रजी धडाधड वाचतात आणि दोन माणसांचं साधं बोलणं ऐकताना गोंधळतात. कारण बोलण्यात पावलोपावली हेच येतं.

कोशात पहिला अर्थ असतो ‘मिळणे, मिळवणे’. तेवढाच पाठ केला की ‘इट्स गेटिंग डार्क’ या वाक्यात कोणाला काय मिळतंय, हे काही केल्या कळत नाही. म्हणून अर्थांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी मी ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघायला सांगते. ‘गॉट अ लेटर’ म्हणजे वस्तू हाती आली. ‘गॉट होम’ म्हणजे माणूस घरी पोचला. ‘गॉट अँग्री’ म्हणजे चिडला. तिन्हीकडे आधी नव्हतं ते आता झालं. हा धागा एकदा दिसला की निम्मी भीती तिथेच जाते.

याच धाग्याने ‘दे आर मॅरीड’ आणि ‘दे गॉट मॅरीड’ यांतला फरक कळतो. पहिल्यात ते नवरा-बायको आहेत, दुसऱ्यात त्यांचं लग्न झालं. ‘आय वॉज टायर्ड’ म्हणजे मी दमलेली होते, ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमले. मराठीत ‘दमलेली’ आणि ‘दमले’ यांत आपण कधी गल्लत करत नाही. मग हा फरक विद्यार्थ्यांना मराठीतूनच का दाखवू नये? जेवण गार झालं याला ‘द फूड बिकेम कोल्ड’ म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण घरात असं कोणी बोलत नाही. ‘गॉट कोल्ड’च म्हणतात.

दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं असेल तर आपलं ‘घेणे’ अगदी चपखल बसतं. ‘आय गॉट द कार वॉश्ड’, मी गाडी धुवून घेतली. माणूस मध्ये आला की छटा बदलते. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे समजावून, गळ घालून, काहीतरी करून सही घेतली. ‘आय मेड हिम साइन’मध्ये भाग पाडणं आहे. ‘गेट’नंतर ‘टू’ लागतो, ‘मेक’नंतर लागत नाही, आणि परीक्षेत मार्क जातात ते नेमके इथेच.

‘हॅव गॉट’चं प्रकरण वेगळं. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ती मिळवली कशी, याच्याशी संबंध नाही. अमेरिकन लोक ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणाले तर मात्र गाडी घेतली. एका ‘न’चा फरक आहे, पण ऐकताना हमखास निसटतो.

शब्द मुळात इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या व्हायकिंगांच्या बोलीतला, ‘गेता’. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण ते जोडशब्दांतच वावरायचं. आजचा ‘फर्गेट’ त्याच घरातला. इंग्रज भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली, तेव्हा क्रियापदं ठेवली अवघी अठरा. त्यांत ‘गेट’ आहे. इंग्रजी आटवून आटवून इतकी लहान करणाऱ्यालाही जे टाकता आलं नाही, ते आपण शाळेत खोडतोय.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारणच काय? आपलं ‘लागणे’ बघा. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, झाडाला फळं लागतात. तो तुझा कोण लागतो, असं विचारतो. पोर रडू लागतं आणि आपल्याला उठावं लागतं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘लागणे’ टाळ आणि संस्कृत शब्द वापर, असं आपण सांगू का?

एक वापर मला फार आवडतो आणि वर्गात तो क्वचितच कोणी शिकवतं. ‘आय हॅव टू टीच देम’ म्हणजे मला त्यांना शिकवावं लागतं. ‘आय गेट टू टीच देम’ म्हणजे मला त्यांना शिकवायला मिळतं. काम तेच, पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याला ते हवंहवंसं आहे.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी वहीत ‘गॉट’ दिसला तर खोडण्याआधी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचा. निबंध गंभीर असेल तर दुसरा शब्द जरूर सुचवा. पत्र, संवाद, गोष्ट असेल तर तो ‘गॉट’ तसाच राहू द्या.